आठवड्याला चौऱ्याऐंशी किलोमीटर

टॅक्सीवाल्यांनी आम्हाला वाळीत टाकलं तो मंगळवार होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार हे आमचे मशीनचे वार. सकाळी सातला हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर ह्यांना खाटेवर आडवं करतात, डाव्या हातात दोन जाड सुया घालतात आणि चार तास ह्यांचं रक्त बाहेर काढून, धुऊन, परत आत सोडतात. घर ते हॉस्पिटल चौदा किलोमीटर. जाऊन-येऊन अठ्ठावीस. आठवड्याला चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशीचा फेरा मरणानंतर असतो अशी माझी समजूत होती. आमचा आधीच सुरू झाला.

त्या मंगळवारी चौकातल्या स्टँडवर अकरा टॅक्सी उभ्या होत्या आणि अकराही जणांना एकदम जेवायची वेळ झाली होती. सकाळी सव्वासहाला.

त्यांचीही बाजू होती. हे चौतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते. बाजारात ह्यांना 'काटा' म्हणत. पारड्याखाली चिकटवलेला शिशाचा तुकडा हे दुकानाच्या दारातून ओळखत. निवृत्त झाले, मूत्रपिंडं गेली, पण सवय गेली नाही. चेहरा पिवळाधमक पडलेला, मान सीटवर टाकलेली, अशा अवस्थेतही डोळे रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर आणि टॅक्सीच्या मीटरवर. घरी येऊन धड पाणी प्यायच्या आत तक्रारअर्ज. तिघांचे मीटर सील झाले.

"अहो, चार टक्के मीटर पळाला म्हणून आपण भिकेला लागणार होतो का?"

"प्रश्न चार टक्क्यांचा नाही. खऱ्याचा आहे."

"मग खऱ्यावर बसून जा हॉस्पिटलला."

शेवटी तळमजल्यावरच्या ड्रायव्हरकाकांनी आम्हाला नेलं. काकांनी एकतीस वर्षं शहर बस चालवली आणि निवृत्तीनंतर एक जुनी पेट्रोल गाडी घेतली, जी आता बावीस वर्षांची आहे आणि आत बसलं की आपण पेट्रोलच्या डब्यातच बसलोय असं वाटतं. परतीच्या वाटेवर त्या वासाने ह्यांना ओकारी झाली. हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून काकांच्या टोपीत. काका म्हणाले, "असू द्या वहिनी, टोपी जुनीच होती." ती टोपी त्यांच्या नोकरीतली होती. तिच्यावर बिल्ला होता.

तेव्हा गाडी घ्यायची ठरली. आम्हाला मूल नाही, हे एकदाच सांगून टाकते, म्हणजे वाचणारा कुणाची वाट बघत बसणार नाही. ह्यांना मशीननंतर डोळ्यांपुढे अंधारी येते. उरले मी. वय चौपन्न, शिक्षण सातवी, बाकी जे येतं ते बघून बघून आलेलं. काकांनी मला त्यांच्याच गाडीवर शिकवलं. "वहिनी, मागे चाळीस माणसं उभी आहेत असं समजून वळवा," असं ते म्हणायचे, आणि मी तसं समजायची. पहिल्या परीक्षेत नापास झाले, कारण प्रत्येक बस थांब्यावर मी आपोआप गाडी थांबवत होते. दुसऱ्यांदा पास झाले. दुसऱ्या वेळचा परीक्षक घाईत होता.

परवाना आला आणि ह्यांनी आलेखाचा मोठा कागद टेबलावर पसरला. वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'खरा खर्च'. एका बाजूला पेट्रोलची गाडी, दुसऱ्या बाजूला विजेची. किंमत, विमा, इंधन, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी, विकताना काय येईल, असे रकाने. वर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन, त्यात 'वर्षे' असं लिहिलेलं, आणि पुढे कोरं.

गोष्ट साधी होती. विजेची गाडी घ्यायला महाग, चालवायला स्वस्त. पेट्रोलची घ्यायला स्वस्त, चालवायला महाग. म्हणजे खूप वर्षं आणि खूप फिरवली तरच विजेची परवडणार. थोडे दिवस वापरायची तर पेट्रोलच बरी. हे मला कळलं त्या क्षणी मी विजेच्या बाजूची झाले. गाडीतलं मला तेव्हाही काही कळत नव्हतं.

कारण महिन्याभरापूर्वी डॉक्टरांना ह्यांनी तोंडावर विचारलं होतं, किती वर्षं धरायची. डॉक्टरांनी चष्मा पुसला, साखरेचं सांगितलं, वयाचं सांगितलं, प्रत्येक माणूस वेगळा असतो म्हणाले. हे तसेच बघत राहिले. ह्यांच्या ह्या बघण्यापुढे भले भले व्यापारी खोटी वजनं काढून देत. डॉक्टर म्हणाले, "सरासरी तीन ते चार." मी भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या धबधब्याकडे बघत होते. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "तीन. वादाच्या मापात नेहमी कमीचं धरायचं."

चौकोन नऊ दिवस कोरा राहिला. टेबल पुसताना मी तेवढा कोपरा सोडून पुसत असे.

ह्या नऊ दिवसांत अख्खी इमारत सल्ला द्यायला येऊन गेली. आजारी माणसाच्या घरी काय बोलावं हे लोकांना कळत नाही. त्यांना आयता विषय मिळाला. समोरच्या वहिनी म्हणाल्या, विजेच्या गाडीचा आवाज येत नाही, माणसाला कळतच नाही ती आली ते. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणाले, बॅटरी एकदा गेली की गेली, मग गाडी म्हणजे कोंबड्यांचं खुराडं. काका म्हणाले, "इंजिन घरघरलं पाहिजे. त्याशिवाय गाडी जिवंत आहे हे कसं कळणार?" आणि प्रत्येक जण बोलता बोलता त्याच एका प्रश्नाशी यायचा, "पण तुम्ही वापरणार किती वर्षं?" मग ह्यांच्या हातावरची पट्टी दिसायची आणि प्रश्न चहाबरोबर गिळला जायचा. फक्त शोरूममधला टायवाला थांबला नाही. त्याने हसून विचारलं, "सर, किती वर्षं ठेवणार गाडी?"

"तेच शोधतोय," हे म्हणाले.

बाकीचे आकडे जाहिरातीतून घ्यायला ह्यांची तयारी नव्हती. पेट्रोलचा हिशोब करायचा तर पंपावर खरोखर किती मिळतं ते आधी बघायला हवं. माळ्यावरून पाच लिटरचं पितळी माप काढलं, चिंचेने घासायला लावलं, आणि काकांच्या गाडीतून आम्ही जवळच्या पंपावर गेलो. चाळीस मिलिलिटर कमी भरलं. मॅनेजर म्हणाला, आजोबा, हवा गरम आहे, पेट्रोल उडतं. हे म्हणाले, उडून तुमच्याच टाकीत बरं जातं. मागे चौदा गाड्यांची रांग लागली होती आणि त्यातली प्रत्येक हॉर्न वाजवत होती. मी माप हातात धरून उभी होते, लग्नात आहेराचं भांडं घेऊन उभं राहावं तशी. त्या पंपाने आम्हाला कायमची बंदी केली. पुढचा पंप सहा किलोमीटरवर. ह्यांनी घरी येऊन पेट्रोलच्या बाजूला ते बारा किलोमीटरही मांडले. मला बरं वाटलं. विजेचं पारडं तेवढंच खाली आलं.

आता विजेच्या गाडीची पाळी. जाहिरातीत लिहिलं होतं, एकदा चार्ज केली की दोनशे तीस किलोमीटर. टायवाल्याने एक दिवसासाठी गाडी घरी न्यायला दिली. बिचाऱ्याला वाटलं, आम्ही देवाला वगैरे जाऊन येऊ.

"संपेपर्यंत चालवायची," हे म्हणाले.

"काय संपेपर्यंत?"

"बॅटरी."

बुधवार होता. शहराभोवतीच्या मोठ्या रस्त्यावर मी सकाळी आठपासून गोल गोल फिरत होते. हे शेजारी सीट मागे करून पडलेले, पोटावर वही. दर दहा किलोमीटरला मी आकडा वाचायचा आणि ह्यांनी लिहायचा. गाडीत वास नव्हता. आवाज नव्हता. ह्यांना एकदाही मळमळलं नाही. दुपारी तर चक्क ह्यांचा डोळा लागला, आणि किती तरी महिन्यांनी मी ह्यांना असं तोंड उघडं टाकून झोपलेलं पाहिलं. मी मनात म्हटलं, हीच घ्यायची. ही झोप कुठल्या रकान्यात मांडणार?

एकशे साठ किलोमीटरवर पडद्यावर कासवाचं चित्र आलं.

"अहो, कासव आलंय."

हे डोळे न उघडता म्हणाले, "हळू चालव म्हणून सांगतंय."

"हळूच चाललेय मी."

"आणखी हळू."

एकशे एकाहत्तरला गाडी थांबली. थांबायला रस्त्यावर हजार जागा होत्या. दवाखाने होते, शाळा होत्या, फर्निचरचं एक भलं मोठं दुकान होतं. ती थांबली ती दहनभूमीच्या फाटकात.

फाटकावरचा माणूस उठून आला. खाकी शर्ट, हातात चहाचा पेला. त्याने खिडकीतून आत पाहिलं. मागे कललेल्या सीटवर डोळे मिटलेले, पिवळे, हालचाल नसलेले हे. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, बसवूनच आणलंत?"

मी काच आणखी खाली केली.

"कागद आहेत ना डॉक्टरांचे? त्याशिवाय आत घेता येत नाही."

हे डोळे मिटूनच म्हणाले, "कागद आहेत. अजून पूर्ण झालेले नाहीत."

त्या माणसाच्या हातातला चहा माझ्या साडीवर सांडला.

तो भला माणूस निघाला. फाटकही तोच सांभाळायचा आणि भट्ट्याही तोच चालवायचा. त्याने आणखी दोघांना बोलावून गाडी आत ढकलली आणि कचेरीच्या खिडकीतून वायर काढून दिली. घरी पोचण्यापुरती वीज भरायला तीन तास लागणार होते. मी बाकावर बसले. तो बाक ज्यांचं माणूस आत गेलंय त्यांच्यासाठी होता, हे मला नंतर कळलं. ह्यांना मात्र हुशारी आली होती. आत दोन भट्ट्या होत्या, एक विजेची आणि एक गॅसची. हे वही घेऊन गेलेच.

"एका माणसाला साधारण किती युनिट?" ह्यांचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता.

"तसं सांगता येत नाही साहेब. भट्टी गार असेल तर पहिल्याला फार लागतं. सकाळचा पहिला महाग पडतो. मग ती तापली की दुसरा, तिसरा स्वस्तात जातात."

"म्हणजे पहिलं येऊ नये."

"माझं ऐकाल तर दुपारचं यावं."

"आणि गॅसची?"

"गॅसचं तसं नाही. तिला कधीही या."

इतक्यात एक कुटुंब आलं. त्यातली एक पांढऱ्या केसांची बाई माझ्याशेजारी बसली, माझ्या चहाने भिजलेल्या साडीकडे तिने पाहिलं आणि माझा हात हातात घेतला. "कोण होते तुमचे?"

खोटं बोलायची मला सवय राहिलेली नाही, इतकी वर्षं मी कुणाच्या घरात काढली ते आधी सांगितलंच आहे. मी बोटाने ह्यांच्याकडे दाखवलं. हे भट्टीच्या दाराजवळ वाकून मीटर वाचत होते.

बाईने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत आपल्या सुनेला म्हणाली, "फार मनाला लावून घेतलंय गं हिने."

मग माझं मलाच कळलं नाही, मी रडायला लागले. चांगली वीसएक मिनिटं रडले, परक्या बाईच्या खांद्यावर, तिच्या माणसाच्या वेळेतून. ती गेल्यावर डोळे पुसून गाडीचा पडदा बघायला गेले. नऊ टक्के भरली होती.

टायवाल्याने पुढच्या कुणालाही गाडी घरी न्यायला देणं बंद केलं असं ऐकते. ह्यांनी तक्त्यात दोनशे तीस खोडून एकशे एकाहत्तर लिहिलं. मी विचारलं, "आणि ओकारी झाली नाही ते कुठे लिहिलंत?"

"ते मोजता येत नाही."

"मी मोजलंय. दर मशीनमागे एक. काकांच्या गाडीत चुकत नाही."

"त्याला किंमत लावता येत नाही म्हणतोय मी."

"टोपी लावा. दर वेळी एक टोपी."

हे हसले, पण लिहिलं नाही.

मध्यंतरी सेक्रेटरींचं प्रकरण झालं. विजेची गाडी घेतलीच तर ती भरणार कुठे, म्हणून तळघरातल्या आमच्या जागेवर मीटर बसवायची परवानगी आधीच मागून ठेवली. सेक्रेटरींनी त्यावर तीन सभा घेतल्या. पहिल्या सभेत विजेच्या गाड्या पेटतात ह्यावर दीड तास चर्चा झाली. काका म्हणाले, पेट्रोल काय पाण्याने पेटतं? तेव्हापासून ते दोघे बोलत नाहीत. दुसऱ्या सभेत वायर किती लांब ह्यावर वाद. सेक्रेटरींच्या मते पन्नास मीटर. हे जिन्याचा कठडा धरून, दर पाच पायऱ्यांना थांबत तळघरात उतरले आणि टेप लावून आले. अडतीस. तिसऱ्या सभेत अटी आल्या. सातवी अट सेक्रेटरींनी जरा घाईत वाचली: सदर सुविधा अर्जदाराच्या हयातीपुरती असून त्यानंतर वारसाने नव्याने अर्ज करून नव्याने अनामत भरावी.

सभेत कुणी कुणाकडे बघेना. सगळ्यांना एकदम पंख्यात रस वाटू लागला.

"अट बरोबर आहे," हे म्हणाले. "अर्ज हिच्या नावाने करा. अनामत एकदाच जाईल."

मला वेडीला आनंद झाला. तोवर माझ्या नावावर फक्त गॅसचं कनेक्शन होतं.

त्यानंतरच्या गुरुवारी मशीनवर आडवं व्हायच्या आधी ह्यांनी खिशातून घडी घातलेला तक्ता काढून मला दिला. "झाला पूर्ण. बघून ठेव. घरी जाताना टायवाल्याला फोन करू."

मी बाहेरच्या खुर्चीवर बसून घडी उलगडली. सगळ्यात आधी तो कोपरा बघितला. वर्षे: अठरा.

अठरा. मी तीन वेळा वाचलं. एकाच्या पुढे आठ. माझा ऊर इतका भरून आला की शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी जबरदस्तीने चहा पाजला. तिला नको होता. म्हटलं, घ्या हो, आमचे अठरा वर्षं म्हणतायत. ती म्हणाली, बरं. चहा पिता पिता मी तक्त्याच्या तळाशी आले. तिथे लाल शाईने लिहिलं होतं, निष्कर्ष: पेट्रोल.

मला उलगडेना. अठरा वर्षं वापरायची तर विजेचीच परवडायला हवी. सातवी शिकलेलीला कळतं ते काट्याला कसं कळलं नाही? मी खालून वर एकेक ओळ चढत गेले. विमा बरोबर, टायर बरोबर. मग 'वर्षाचे किलोमीटर' अशी ओळ लागली. पहिलं वर्ष, चार हजार तीनशे अडुसष्ट. ते आमचे चौऱ्याऐंशी गुणिले बावन्न. दुसरं वर्ष, तेच. तिसरं, तेच. चौथं वर्ष, सहाशे. पाचवं, सहाशे. सहावं, सहाशे. तिथून थेट अठरापर्यंत, एकाखाली एक, पंधरा वेळा, ह्यांच्या त्या सुंदर अक्षरात, सहाशे.

अकराला ह्यांना बाहेर आणलं. काकांची गाडी आता मी एकटीच चालवत असे. ह्यांना पुढे बसवलं, गुडघ्यांवर प्लास्टिकची पिशवी दिली, चारी काचा उघडल्या, आणि किल्ली न फिरवता तशीच बसून राहिले.

"हे सहाशे कुणाचे?"

"तुझे."

"आणि अठरा?"

"तुझेच. अठरा वर्षांनी तू बहात्तरची होशील. पुढे डोळे तपासल्याशिवाय परवाना देत नाहीत. तुला मोतीबिंदू येणार, तुझ्या आईला होता."

"सगळं ठरवून टाकलंत."

"गाडी तुझी आहे. मी तीन वर्षांचा प्रवासी."

हॉस्पिटलच्या आवारातला पहारेकरी येऊन गाडी हलवा म्हणून सांगून गेला. मी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो दुसऱ्या गाडीकडे वळला. आता मला ओरडायचं होतं. पण माणसाचं नुकतंच रक्त धुतलेलं असताना ओरडता येत नाही, हा एक मोठा अन्याय आहे. म्हणून मी हिशोबावर घसरले.

"सहाशे म्हणजे महिन्याला पन्नास. मी काय खुंटीला बांधलेली शेळी आहे?"

"बाजार, बँक, दवाखाना. मी धरून बघितलंय. जास्तच धरलेत."

"आणि बहिणीकडे? एकवीस किलोमीटर आहे."

"वर्षातून दोनदा जातेस. धरलेत."

"दोनदा जाते, कारण संध्याकाळी तुमचं जेवण असतं. तेव्हा कुणाचं असणार आहे?"

ह्यांनी पिशवी तोंडाजवळ नेली, पुन्हा खाली घेतली.

"महिन्यातून एकदा जाईन," मी म्हटलं. "लिहा."

ह्यांनी पेन्सिल काढली. बहीण, बारा वेळा. "आणखी?"

"काकांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागेल. त्यांना आताच सिग्नल दिसत नाही."

"ते वर्षाला दोनदा. आणखी?"

"आणखी उगीच. उगीच फिरेन. त्या मोठ्या रस्त्यावर."

"उगीचला पुरावा नाही."

"मी सांगतेय हा पुरावा."

चौतीस वर्षांत ह्यांच्याकडून बिनपुराव्याचा आकडा कुणी लिहून घेतला नव्हता. लाच देऊन नाही, धाक दाखवून नाही. एका मंत्र्याच्या मेव्हण्याने प्रयत्न केला होता, त्याचा तराजू अजून सरकारजमा आहे. ह्यांनी माझ्याकडे तेच बघणं बघितलं, व्यापाऱ्यांकडे बघायचे ते. मी पण बघितलं.

"बाराशे," मी म्हटलं. "एकही कमी नाही."

ह्यांनी सहाशे खोडले. पंधराही. एकाखाली एक बाराशे लिहीत गेले. मग गाडीच्या पुढच्या फळीवर कागद ठेवून नव्याने बेरीज केली. पहारेकरी दोनदा येऊन गेला.

"अठराव्या वर्षी," हे शेवटी म्हणाले, "विजेची एका टायरने स्वस्त."

"पुढच्या की मागच्या?"

"किंमत सारखीच असते."

"मग आता ते तीन वर्षांचं बघा," मी म्हटलं. "ती सरासरी आहे. सरासरी म्हणजे अंदाज. दुकानदाराला अंदाजाने विकू दिलं असतंत?"

"तो आकडा माझा नाही. डॉक्टरांचा आहे. त्याला मी हात लावणार नाही." आणि पिशवीत तोंड घालून हे ओकले.

गाडी घेतली. विजेची. पांढरी. पहिले काही महिने बरे गेले असं म्हणता येईल, बरे म्हणजे काय ह्याची आमची व्याख्या तोवर बरीच खाली आली होती. जाताना हे बोलायचे, येताना झोपायचे. टॅक्सीस्टँडवरून जाताना मी मुद्दाम हळू चालवायची. नंतर ह्यांच्या पायांवर सूज राहू लागली. दम लागू लागला. मशीनवर पाणी काढलं की रक्तदाब खाली जायचा, आणि सिस्टर पळत येऊन पाय उंच करायच्या. तुळशीपत्राएवढा माणूस झाला. सीटचा पट्टा ह्यांना घट्ट बसेनासा झाला, तेव्हा मी तो मागून गाठ मारून आखूड केला.

वर्ष भरलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, तीन वेळा पुरत नाही. आता आठवड्यातून चारदा. रविवारीही यायचं. पुढे काय, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यांनी फक्त चष्मा पुसला.

मी हात धुवायच्या बेसिनपाशी जाऊन तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. मग आत गेले. ह्यांना सिस्टरने आधीच सांगितलं होतं. डावा हात मशीनला जोडलेला, उजव्या हातात पेन्सिल, छातीवर तो तक्ता. कागद घड्यांवर फाटत आला होता.

"ऐकलंस का," हे म्हणाले. आवाज मशीनच्या आवाजाखाली जेमतेम ऐकू येत होता. "आता आठवड्याला एकशे बारा किलोमीटर होतात. वर्षाला पाच हजार आठशे चोवीस."

"बरं."

"बरं काय? गाडी जितकी फिरते तितकी परवडते. अठरा वर्षं थांबायला नको. आता लवकर वसूल होते."

मी स्टुलावर बसले. कागद ह्यांच्या हाताखालून जरासा सरकवून पाहिला. दुसऱ्या वर्षासमोर पाच हजार आठशे चोवीस. तिसऱ्यासमोर तेच. चौथ्यासमोरचे माझे बाराशे खोडलेले, तिथे पाच हजार आठशे चोवीस. पाचव्यासमोर तेच. सहाव्यासमोरही. अक्षर वाकडंतिकडं आलं होतं, पण नव्या आकड्यांत खाडाखोड नव्हती.

काही बोलले असते तर ह्यांनी पुरावा मागितला असता. मी एवढंच विचारलं, "किती दिवसांत वसूल?"

"आजपासून चार वर्षं सात महिने."

"त्याआधी बंद केली तर?"

"तोटा," हे म्हणाले. "सरळ तोटा आहे."

"मग तोटा करायचा नाही."

"नाहीच करायचा," हे म्हणाले, आणि सिस्टरला हाक मारून रविवारी किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.